जाळ्याची बत्ती, माशांची बत्ती

पीएल चालू असली की हॉस्टेलमध्ये अभ्यास सोडून बाकी सगळ्या विषयांवर सखोल चर्चा होते, हे आमच्या रेक्टर सरांनाही ठाऊक आहे. गेल्या वेळी मशीन्सचा पेपर दोन दिवसांवर आलेला असताना रात्री दीड वाजता आमच्या विंगमध्ये वाद पेटला तो चक्क धनुष्यबाणावरून.

झालं असं, की माझ्या रूममेटनं (हा चंद्रपूरकडचा, त्यामुळे जंगल आणि वाघ ह्यांच्याखेरीज दुसरं बोलत नाही) मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. अमेरिकेतला एक शिकारी झाडावर मचाण बांधून बसलाय, दिवस मावळतोय, खाली हरीण चरतंय. त्यानं बाण सोडला आणि बाणाच्या शेपटाला एकदम हिरवा दिवा लागला! अंधारात हिरवी रेघ ओढत बाण गेला, हरणाला लागला, हरीण झाडीत पळालं. शिकारी नंतर टॉर्च घेऊन शोधायला गेला, तर गवतात लांबूनच हिरवा ठिपका दिसत होता.

बाणाच्या मागच्या टोकाला धनुष्याची दोरी बसायला खाच असते, तिला नॉक म्हणतात. त्या खाचेतच बारकीशी एलईडी आणि बटणाएवढी बॅटरी बसवलेली. बाण सुटताना दोरीचा जो दणका बसतो त्यानं स्विच ऑन होतो. इतकी साधी गोष्ट. पण तिच्यावरून तिकडे शिकारी लोकांत वर्षानुवर्षं भांडणं झाली. काही राज्यांच्या नियमांत बाणाला वीज जोडलेली बरीच वर्षं चालत नव्हती. धनुष्यबाणाच्या शिकारीचे विक्रम नोंदवणारा पोप अँड यंग नावाचा त्यांचा क्लब आहे, तो अशा बाणानं केलेली शिकार धरतच नसे. २०१४ साली त्यांनी नियम बदलला आणि दिव्याची खाच चालेल म्हणून सांगितलं.

आमच्या विंगमध्ये लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणाली, ही चीटिंग आहे. धनुष्यबाण घ्यायचा तर मग इलेक्ट्रॉनिक्स कशाला, सरळ बंदूक घ्या. दुसरी म्हणाली, अरे, दिव्यामुळे जखमी जनावर लवकर सापडतं, नाहीतर ते कुठंतरी तडफडून मरेल. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच उरत नाही, पण वादाला तेवढं पुरतं. आणि मग माझ्या रूममेटनं माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्याला विचारा. हा बघा, इलेक्ट्रिकलला आहे आणि एलईडीच्या विरोधात मोर्च्यात जातो!"

सगळे हसले. मीसुद्धा हसलो. उत्तर मात्र मला त्या रात्री देता आलं नाही. ते आता लिहितोय, कारण संपादक मंडळानं मराठी विभागासाठी लेख मागितलाय आणि कविता मला येत नाही.

मी तोंडवलीचा. मालवण तालुक्यात, आचरा आणि मालवण ह्यांच्या मधे. नकाशात बघितलंत तर एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधे तळाशीलपर्यंत गेलेली वाळूची लांबलचक जीभ दिसेल. सुरूची झाडं, माडाची झाडं आणि त्यांत आमची घरं. पावसाळ्यात समुद्र आणि खाडी दोघंही आत यायला बघतात. बाबांची छोटी होडी आहे, फायबरची, आउटबोर्ड इंजिनाची. गिलनेट मारतात, म्हणजे पाण्यात उभी भिंतीसारखी सोडायची ती जाळी. मासा स्वतःहून येऊन अडकतो. आला तर आला.

लहानपणी रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर काळाकुट्ट समुद्र असायचा. क्वचित एखादी बत्ती. आजो सांगायचा, काळोखाच्या रात्री पाण्यातच चमक दिसते, मासळीचा थवा हलला की पाणी पेटल्यासारखं होतं आणि त्यावरून थवा ओळखायचा. (ती चमक पाण्यातल्या बारीक जिवांची असते, पाणी ढवळलं की ते उजळतात. हे मला बारावीला बायोलॉजीत कळलं. आजोला बायोलॉजी नव्हती, मासे होते.) मी दहावीला गेलो तोवर मात्र समोरचा देखावा बदललेला होता. हंगामात अमावास्येच्या आसपास क्षितिजावर पांढऱ्या उजेडाची रांगच लागायची. घरी पाहुणे आले की विचारायचे, "समोर कुठलं शहर आहे हो?" समोर कुठलंही शहर नाही. समोर सरळ गेलात तर अरबस्तान लागेल.

ही एलईडीची मासेमारी. ज्यांचं गाव समुद्रापासून लांब आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एका बोटीवर मोठा जनरेटर ठेवतात आणि तिच्या दोन्ही बाजूंना दिव्यांच्या रांगा लावतात. काही दिवे तर केबलला बांधून पाण्यात सोडतात. काळोखात पाण्यात उजेड पडला की त्याच्याभोवती आधी बारीक जीव गोळा होतात, त्यांना खायला पेडवे, तारली येतात, बांगडा येतो, म्हाकूल येतं आणि त्यांच्या मागून मोठा मासा. काही तास नुसतं थांबायचं. खाली पुरेसं जमलं की दुसरी बोट येऊन त्या सगळ्याभोवती पर्ससीनचं जाळं फिरवते. ह्या जाळ्याच्या खालच्या कडेला कड्या असतात, त्यांतून दोर ओवलेला. दोर ओढला की आजीच्या बटव्याचं तोंड आवळावं तसं जाळ्याचं तळ बंद होतं. आत मोठा आला, छोटा आला, अंडी घालायला निघालेला आला, बोटभर बांगडा आला. सगळं वर.

आता आपल्या विषयाकडे, म्हणजे विजेकडे. उजेड दाखवून मासे धरणं अजिबात नवीन नाही. जपानात नागारा नदीवर होडीच्या टोकाला जाळ पेटवून पाणकावळ्यांकडून मासे धरायची पद्धत शेकडो वर्षं चालत आलीय. आपल्याकडेही पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला बत्ती घेऊन लोक वहाळात उतरतात. मीही उतरलोय, आणि ते मासे अंड्यांनी भरलेले असतात हे माहीत असूनही उतरलोय. तेव्हा 'आमचे पूर्वज निसर्गाशी एकरूप' वगैरे भाषण माझ्या तोंडी शोभणार नाही. फरक पडला तो आकड्यात. साधा पिवळा बल्ब एका वॅटला पंधराच्या आसपास ल्युमेन देतो, चांगली एलईडी शंभराच्या वर. तेवढ्याच डिझेलमध्ये कितीतरी पट उजेड. त्यातून पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच संपतो, लांब जातो तो निळा-हिरवा. आणि ज्या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा ह्या तिघांना २०१४चं फिजिक्सचं नोबेल मिळालं, नेमकी तीच आज सगळ्या पांढऱ्या एलईडीच्या पोटात असते. त्यांनी ती शोधली ते जगाची वीज वाचवायला. मासा हा विषय त्यांच्या डोक्यात नसणार. पण समुद्रात खोल जाईल असा स्वस्त उजेड जगाला मिळाला तो त्यांच्यामुळेच.

आणि आता ज्या कारणासाठी हा लेख लिहायला मला महिना लागला ते सांगतो.

सेकंड इयरच्या दिवाळीत मी घरी गेलो होतो. ओळखीतून एका बोटमालकाचा निरोप आला. "तू इलेक्ट्रिकलवालो मा? जरा येवन बघ, बत्तये पेटनत नाय." मी गेलो. बंदर कुठलं आणि मालक कोण हे इथं महत्त्वाचं नाही. बोटीवर जो जनरेटर होता त्यावर आमच्या हॉस्टेलची अख्खी विंग गीझरसकट चालली असती. दिव्यांचे ड्रायव्हर एका पेटीत बसवलेले, पेटीत खारी हवा शिरलेली आणि कपॅसिटर फुगून फुटलेले. तुमच्यापैकी कुणीही केलं असतं असं काम. दीड दिवस लागला. कपॅसिटर बदलले, सोल्डरिंग केलं, पेटीला चांगलं सिलिकॉन मारून बंद केली. ट्रायल घेतली तेव्हा बंदरातल्या पाण्याचा तळ दिसला! मालकानं पाठ थोपटली आणि सहा हजार रुपये हातावर ठेवले. आयुष्यातली पहिली कमाई. त्यातून मी परीक्षेची फी भरली आणि मल्टिमीटर घेतला. तो मल्टिमीटर अजून माझ्याकडे आहे, निम्मी विंग प्रॅक्टिकलला तोच मागून नेते.

खरं सांगतो, त्या दीड दिवसात माझ्या मनात एकदाही आलं नाही, की हे दिवे कशाचे आहेत. म्हणजे माहीत होतं, पण 'माहीत असणं' वेगळं आणि 'मनात येणं' वेगळं. मी फॉल्ट शोधत होतो. फॉल्ट सापडला की जो आनंद होतो तो आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे, त्या आनंदात माणूस वायर कुठं जाते हे बघतच नाही.

तिसऱ्या रात्री बाबा जाळं मारून आले तेव्हा टोपलीच्या तळाला चार मासे होते. मी असं म्हणत नाही, की ते माझ्यामुळे. समुद्रात मासा न मिळायला छप्पन्न कारणं असतात आणि त्या रात्री समोर एकच बोट नव्हती, रांग होती. पण मी किनाऱ्यावर उभा राहून त्या रांगेतला 'माझा' उजेड कुठला ते शोधत होतो, हेही खरं. दुसऱ्या दिवशी बाबांना सांगून टाकलं. ते जाळं विणत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. थोड्या वेळानं विचारलं, "किती दिल्यान?"

"सहा हजार."

"बरे दिल्यान," म्हणाले आणि पुढची गाठ मारली.

त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पण ह्याच बाबांच्या जाळ्यालाही बत्ती असते, आणि माझा सगळा मुद्दा इथं आहे. रात्री जाळं पाण्यात सोडलं की त्याच्या टोकाला बोया असतो, बोयावर काठी, काठीला बावटा आणि त्यावर एक लुकलुकणारी बारकी एलईडी. आजोच्या वेळी तिथं कंदील बांधत. ती बत्ती दोन कामं करते. पहाटे आपलं जाळं कुठवर वाहत गेलं ते कळतं, आणि एखादा ट्रॉलर अंगावर येत असला तर त्याला कळतं, की इथं जाळं आहे, बाजूनं जा. (कळतं म्हणजे कळायला हवं. एकदा आमचं जाळं मधोमध कापून गेलेला ट्रॉलर बत्ती बघूनच आला होता असं बाबांचं म्हणणं आहे. एक जाळं म्हणजे माझ्या वर्षभराच्या मेस बिलाच्या वर जातं.) मी एकदा बाबांना मुद्दाम डिवचलं, तुमचीही एलईडीच आहे की. तर म्हणाले, "तेंची बत्ती माशाक हाक मारता. आमची बत्ती आमका."

त्या रात्री विंगमध्ये मला हे सुचायला हवं होतं. बाणाच्या शेपटाचा दिवा बाण सुटल्यावर लागतो. हरीण जवळ यावं म्हणून तो लावलेला नाही. शिकार शक्य होण्यात त्याचा काही वाटा नाही. केलेल्या शिकारीची जबाबदारी निभावायला तो उपयोगी पडतो. जखमी जनावर सापडतं, बाण हरवत नाही. बाबांच्या बावट्याची बत्ती त्याच जातीची. बोटीखाली सोडलेला दिवा वेगळा. तो शिकारीच्या आधी लागतो, आणि माशाला त्याच्या वाटेवरून उचलून आपल्या जाळ्यात आणून उभा करतो. तेव्हा माझ्या रूममेटनं मला पुन्हा विचारलं तर मी म्हणेन, बाणाला खुशाल दिवा लाव. हरणाला मात्र दिव्यानं बोलावू नकोस.

आता तुम्ही म्हणाल, मग जीपीएसचं काय? फिश फाइंडरचं काय? बाबांकडे जीपीएस आहे, त्याबद्दल मला काही वाटत नाही, तो फक्त 'मी कुठं आहे' एवढं सांगतो. फिश फाइंडर 'मासा कुठं आहे' ते सांगतो. तिथं मी थोडा अडखळतो. आमच्याच गावात लोकांनी तो घेतलाय आणि मला तो आवडत नाही असं म्हणायचं धाडस मला होत नाही. पण तरीही, फिश फाइंडर लावला म्हणून मासा आपला रस्ता बदलत नाही. पाण्यातला दिवा नेमकं तेच करतो. किनाऱ्याकडे येणारी मासळी बाहेरच थोपवली जाते, अशी आमच्याकडे सगळ्यांची तक्रार आहे. रापणवाल्यांना तर ह्याचा सगळ्यात जास्त फटका. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. त्याला मासा किनाऱ्याजवळच यावा लागतो. पन्नास-साठ माणसं दोर ओढतात, ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो. अख्ख्या वाडीचं कालवण त्यावर होत असे.

दुसरी बाजू मी ऐकलेली नाही असं नाही. त्या बोटीवर दीड दिवस होतो, खलाशांबरोबर जेवलो. त्यांत दोघं नेपाळचे होते. समुद्र त्यांनी नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा बघितला. मालकावर बँकेचं कर्ज. त्याचं म्हणणं, "मासा शोधत दिवसभर फिरलो तर डिझेल परवडत नाही. एका जागी दिवा लावून थांबलो तर डिझेल वाचतं. तुमचे सर एनर्जी एफिशियन्सी शिकवतात ना?" आणि पुढे, "मी बंद केलं तर शेजारचा करेलच." पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. पण डिझेलचा हिशेब बोटीपुरता, आणि समुद्र सगळ्यांचा. लिटरमागे जास्त किलो मासा हा आकडा चांगला दिसतो. त्या किलोत पुढच्या वर्षीचे बांगडे किती होते हे त्या आकड्यात दिसत नाही. दुसरा मुद्दा खरा आहे म्हणूनच तर कायदा लागतो.

कायदा आहे. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१चा. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ला राज्यानं पर्ससीनवर निर्बंध घातले आणि हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला. राज्याची हद्द १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. त्यापलीकडे केंद्र. म्हणून १० नोव्हेंबर २०१७ला केंद्रानंही आदेश काढून आपल्या संपूर्ण २०० मैलांच्या आर्थिक क्षेत्रात एलईडी आणि इतर कृत्रिम दिव्यांनी मासेमारी करायला बंदी केली. २०२१मध्ये राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन एलईडीसाठी पाच लाखांपासून वीस लाखांपर्यंत दंड आला. २०२५च्या जानेवारीपासून तर ड्रोननं टेहळणी सुरू झालीय. कागदावर काही कमी नाही. तरी काळोखाच्या रात्री आमच्या किनाऱ्यावर येऊन उभे राहा.

मला विचाराल तर चूक इथं होते, की आपण रात्री समुद्रात बोटीमागे धावतो. गस्तीनौका लांबून दिसतेच. ती दिसली की ह्यांनी जनरेटर बंद केला की संपलं. पकडलं तरी बोटवाला म्हणतो, हे दिवे कामाचे आहेत, मासे निवडायला लागतात. आणि बोटीवर दिवे असायलाच हवेत, डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, वर पांढरा, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पण आपण इंजिनीयर लोक आहोत. डेकवर मासे निवडायला किती वॅट लागतात हे आपल्याला काढता येतं. दिव्याचं तोंड डेककडे आहे की पाण्याकडे हे डोळ्यांनी दिसतं. पाण्यात सोडायच्या दिव्याला वॉटरप्रूफ बॉडी असते, लांब केबल असते, वजन असतं. मासे निवडायला असला दिवा कोण वापरतं? आणि तेवढ्या छोट्या बोटीवर तेवढा मोठा जनरेटर कशाला, हा प्रश्न तर पॉलिटेक्निकचा पोरगाही विचारेल. १ जून ते ३१ जुलै सगळ्या बोटी बंदरात असतात. तेव्हाच बोटीची वायरिंग तपासावी, बोर्डवरचा लोड लिहून घ्यावा, आणि लायसन्सवर इंजिनाची ताकद लिहितात तशी जनरेटरचीही लिहावी. ह्याला ड्रोन लागत नाही. क्लॅम्प मीटर आणि एक दिवस लागतो.

मात्र आमच्या मोर्च्यात 'एलईडी हटाव' अशी सरसकट घोषणा देतात तिला माझा विरोध आहे, हे मी मोर्च्यातही बोललो आणि शिव्या खाल्ल्या. मेक्सिकोत बाहा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर गिलनेटलाच हिरव्या एलईडी लावून बघितलं, तर त्यात नको असलेली कासवं, शार्क, पाकट कमी अडकले; २०२२मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, मोठी कासवं कधीकधी जाळ्यात सापडतात आणि ती सोडवताना जाळं फाडावं लागतं. तिथं एलईडी हवीच आहे. (त्याच कासवांची पिल्लं किनाऱ्यावरच्या रिसॉर्टच्या दिव्यांनी भुलून समुद्राऐवजी रस्त्याकडे जातात, ती एलईडी नकोय. घोषणेत एवढं सगळं बसत नाही, मान्य.)

आता थोडं स्वतःच्या फायद्याचं. बाबांच्या बावट्यावरची बत्ती महिना-दोन महिन्यांत मरते. खारं पाणी आत शिरतं, स्विच गंजतो, आणि दिवसा चालूच राहिली तर सेल उतरतात. बाणाच्या त्या खाचेवरून मला एक सुचलंय. स्विचच ठेवायचा नाही. बाण सुटला की तो दिवा लागतो, तसा जाळं पाण्यात पडलं की हा लागला पाहिजे. बाहेर दोन पिना, खाऱ्या पाण्यानं सर्किट पूर्ण, जोडीला एलडीआर म्हणजे दिवसा बंद. लाइफ जॅकेटच्या दिव्यांत हे तत्त्व आधीपासून वापरतात, मी काही शोध लावलेला नाही. आतलं सगळं रेझिनमध्ये ओतून बंद करायचं. अडचण एकच, पिना खाऱ्या पाण्यात झिजतात. स्टेनलेस घेऊन बघितल्या, त्याही आठवड्यात काळ्या पडल्या. ग्रॅफाइट घेऊन बघणार आहे, पेन्सिलचं शिसं चालेल असं लॅब असिस्टंट काका म्हणतात. फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणून विषय दिला तेव्हा सर म्हणाले, फार सोपा आहे, ह्यात आयओटी घाल. घालीन. पण आधी पेटू दे.

गणपतीत पहिला नमुना घरी नेला होता. बाबांनी हातात घेऊन उलटसुलट बघितला, बादलीतल्या पाण्यात टाकला. ते पाणी विहिरीचं होतं, त्यामुळे काहीच झालं नाही. मग आई आतून मीठ घेऊन आली. मूठभर टाकल्यावर पेटली. समुद्रात पहिल्या रात्री चालली, दुसऱ्या रात्री चालली, तिसऱ्या रात्री बोयासकट गेली. कुणी कापून नेली की वाहून गेली, कळलं नाही. बाबा म्हणाले, "दुसरी कर."

तर मित्रांनो, ज्यांच्याकडे बंद पडलेल्या पॉवर बँका, खराब झालेले ट्रिमर, जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या पडून असतील त्यांनी त्या कचऱ्यात टाकू नयेत. आतले सेल बऱ्याचदा चांगले निघतात. माझी खोली बी विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर, जिन्यालगत. मी नसलो तर रूममेटकडे द्या, तो व्हिडिओ बघत बसलेला असेल. आणि ज्यानं माझा मल्टिमीटर सबमिशनच्या आधी नेलाय, त्यानं तो परत आणून द्यावा.